वारांच्या पेठांखालचे पुणे

पुण्याच्या पेठा विचारल्या की शाळकरी पोरसुद्धा आठवड्याचे वार मोजायला लागते. ही नावे इतकी अंगवळणी पडली आहेत की ती कोणीतरी, कधीतरी ठेवली असतील हे मनातही येत नाही. पण रविवार पेठ आधी मलकापूर होती. शनिवार म्हणजे मुर्तझाबाद, सोमवार म्हणजे शहापूर, मंगळवार म्हणजे आष्टापुरा किंवा शाहिस्तेपुरा, आणि बुधवार म्हणजे मुहियाबाद. पेशवाईत एकेक करून या नावांवर वार चढले. जुनी नावे दप्तरांत गेली, ती तिथेच राहिली.

शहरातले जुने दर्गे आणि मशिदी पाहायला निघणाऱ्याने आधी ही नावे तोंडपाठ करावीत असे मला मनापासून वाटते. विजापूरला गेलेला माणूस गोल घुमट लांबूनच पाहतो. पुण्यात तसा एकही घुमट नाही. इथे जे आहे ते गल्लीच्या वळणावर, नदीच्या काठाला, दुकानांच्या रांगेत आहे. ते दिसायला हवे असेल तर मुर्तझा कोण आणि मलिक कोण, हे आधी ठाऊक असावे लागते.

सुरुवात कसब्यातूनच करावी लागते, कारण पुणेही तिथूनच सुरू झाले. राष्ट्रकूटांच्या 758 आणि 768 सालच्या ताम्रपटांत या मुलखाचे नाव येते. पुढे वस्ती नदीकाठच्या पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीच्या गावठाणावर, वाढली. तेराव्या शतकाच्या अखेरीस अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी झाली आणि काही वर्षांत यादवांचे राज्य संपले. त्या धामधुमीनंतर पुण्यातही दिल्लीच्या फौजेचे ठाणे बसले. बऱ्या अरब नावाच्या सरदाराने गावाभोवती कोट घातला अशी परंपरा आहे. जुनी माणसे त्याला पांढरीचा कोट म्हणत. कोटाच्या आत फौज आणि तिच्याबरोबर आलेली मंडळी, बाहेर व्यापारी आणि कारागीर, अशी मांडणी सांगतात. कोट कधीच गेला, पण कुंभारवेस हे वेशीचे नाव तेवढे टिकले.

या भागात दोन दर्गे आहेत, थोरला शेख सल्ला आणि धाकटा शेख सल्ला. शहरातली सर्वांत जुनी मुस्लिम श्रद्धास्थाने म्हणून त्यांचीच नावे घेतली जातात. त्यांच्याविषयीची परंपरा दोन बाजूंनी सांगितली जाते. एका बाजूने सांगतात की इथे पुण्येश्वर आणि नारायणेश्वर अशी दोन शिवमंदिरे होती आणि त्यांच्या जागी दर्गे उभे राहिले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी काढलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरातही ही हकीकत आहे. दुसऱ्या बाजूने फौजेबरोबर आलेल्या सूफींची, त्यांच्या फकिरीची आणि नवसाला पावण्याची कथा सांगतात. आज या जागांवरून वाद आहे, आणि तो हातघाईने बोलला जातो. पाहायला जाणाऱ्याने तो वाद आपल्याबरोबर दर्ग्याच्या उंबऱ्याशी नेऊ नये. आत जे बसलेले असतात ते बहुधा फुलवाला, मुजावर आणि तापाने फणफणलेले लेकरू मांडीवर घेतलेली एखादी आई. गुरुवारी संध्याकाळी गेलात तर त्या आईच्या कपाळावर कुंकू असलेलेही दिसेल. हे मी कुणाला पटवण्यासाठी सांगत नाही, मी ते कितीदा तरी पाहिले आहे.

बहामनी काळाबद्दल पुण्यापुरते सांगण्यासारखे थोडे आहे. त्या काळी मोठे गाव जुन्नर होते. निजामशाहीची मुळेही तिकडचीच, आणि तिथले घुमट पुण्यातल्या कुठल्याही इमारतीपेक्षा भव्य आहेत. जुन्नरला एक वेगळा दिवस द्यावा.

पुण्याचे खरे वळण निजामशाहीत आले. मालोजी भोसल्यांना पुणे आणि सुपे परगण्यांची जहागीर मिळाली. त्यांना मूल होत नव्हते, तेव्हा अहमदनगरच्या शाह शरीफ पीराला नवस बोलला गेला, आणि झालेल्या दोन मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली गेली. ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांनी ऐकलेली असते, पण तिचा पुण्याशी असलेला संबंध क्वचित जोडला जातो. ज्या शहाजीराजांच्या जहागिरीत जिजाऊ आणि बालशिवाजी येऊन राहिले आणि ज्यांनी हे उजाड गाव पुन्हा वसवले, त्या शहाजीराजांच्या नावातच एक पीर आहे. लाल महालासमोर उभे राहिले की मला हे दर वेळी आठवते.

त्याच काळात मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता होता. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पुढे दख्खनचा कारभारी झाला, आणि 1626 साली वारला. मलकापूर हे नाव त्याच्याशी जोडतात, मुर्तझाबाद हे मुर्तझा निजामशहाशी. म्हणजे रविवार पेठेतल्या बोहरी आळीत भांडी घ्यायला जाणारा माणूस मलिक अंबराच्या बाजारपेठेत शिरत असतो. नंतर आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने 1630 च्या सुमारास गाव जाळले, कोट पाडला आणि गाढवाचा नांगर फिरवला. पुढे सोन्याच्या फाळाने ती जमीन पुन्हा नांगरली गेली, ती कथा सर्वांना पाठ आहे. तिच्या आधीच्या विध्वंसात मशिदी-दर्ग्यांचे काय झाले असेल, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. कोट पाडणाऱ्या फौजेने घरे निवडून जाळली नसणार.

शाहिस्तेखान तीन वर्षे पुण्यात ठाण मांडून होता. मंगळवार पेठेचे जुने नाव त्याच्याकडून आले. 5 एप्रिल 1663 च्या रात्री लाल महालावर छापा पडला तेव्हा रमजान चालू होता. दिवसभराचे रोजे सोडून, खाऊनपिऊन माणसे निजली होती, हे छाप्याच्या वर्णनात आवर्जून येते. औरंगजेब स्वतः 1703 साली पुण्यात छावणी करून होता. इथेच त्याच्या घराण्यातला कोवळा राजपुत्र मुही-उल-मिलान वारला, आणि त्याच्या नावाने मुहियाबाद झाले. बुधवार पेठेला एका मेलेल्या मुलाचे नाव होते, ही गोष्ट मला या सगळ्या यादीत सर्वांत करुण वाटते. त्या पेठेत आज पुस्तकांची आणि विजेच्या सामानाची दुकाने आहेत.

पेशवाईत शहर वाढले, ते ब्राह्मणी वळणाने वाढले हे खरेच. शनिवारवाड्याची पायाभरणी 10 जानेवारी 1730 ची. पण वाड्याच्याच तटाला मस्तानी दरवाजा आहे. कोथरूडच्या मस्तानी महालाचे तुकडे काढून आणून केळकर संग्रहालयात पुन्हा जोडले आहेत, आणि ती दालने पाहताना वेळ कसा जातो कळत नाही. मस्तानी स्वतः विसावली आहे ती पाबळला, पुण्यापासून साठेक किलोमीटरवर. 28 एप्रिल 1740 ला बाजीराव रावेरखेडीला वारले आणि पाठोपाठ तीही गेली. पाबळच्या त्या जागेला कोणी कबर म्हणते, कोणी समाधी. तिचा मुलगा समशेर बहादूर पेशव्यांच्या बाजूने पानिपतावर लढला आणि 1761 साली जखमांनी गेला. त्याला मूठमाती पुण्यात मिळाली नाही, ती भरतपूरकडे मिळाली.

या काळातल्या मुस्लिम पुण्याचा माग इमारतींपेक्षा धंद्यांत जास्त लागतो. कसब्यातला कागदीपुरा घ्या. जुन्नरकडून आलेले मुसलमान कागदी इथे चिंध्या कुटून, लगदा करून, चौकटीवर कागद काढत, तो घोटून गुळगुळीत करत. पेशव्यांची राजधानी म्हणजे रोज ढिगांनी लिहिली जाणारी मोडी. हिशेब, सनदा, बातमीपत्रे. आज पेशवे दप्तरात बसून आपण जो इतिहास वाचतो, त्यातला काही तरी भाग या लोकांच्या हातांतून गेलेला आहे. मोमीनपुऱ्यातल्या विणकरांचेही तसेच. ही ठिकाणे पाहायच्या यादीत घालावीत. तिथे तिकीट काढून बघण्यासारखे काही उरलेले नाही, तरीही.

मोहरमचे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या जवळजवळ अखेरीपर्यंत मोहरम हा साऱ्या शहराचा सण होता. हिंदूंच्या आळ्यांचेही ताबूत असत, तालीमवाले त्यात पुढे असत, बायका सवारीला, म्हणजे पंजाच्या मिरवणुकीला, पाणी घालत, मुलाला नवसाचा फकीर करत. दहाव्या दिवशी ताबूत नदीवर थंडे करायला, म्हणजे विसर्जनाला, नेत. 1893 च्या ऑगस्टात मुंबईत दंगल झाली आणि हवा पालटली. त्याच सुमारास लोकमान्यांनी सार्वजनिक गणेशोत्सव उचलून धरला. मशिदीसमोरच्या वाद्यांवरून खटके सुरू झाले, आणि सप्टेंबर 1894 मध्ये दारूवाला पुलाजवळच्या मशिदीशी मारामारी झाली. एका पिढीत हिंदू आळ्यांचे ताबूत दिसेनासे झाले. गणपतीच्या मेळ्यांत, मिरवणुकीत, विसर्जनाच्या थाटात त्या जुन्या मोहरमच्या खुणा शोधणारे अभ्यासक आहेत, आणि मला त्यांचे म्हणणे पटते. माणसे तीच होती, ढोलही तेच. नदीही तीच.

1818 नंतर शहराच्या पूर्वेला लष्कर, म्हणजे आजचा कँप, वसले. कँपात मेमन, बोहरी, इराणी, दख्खनी सगळे आले. इकडे गावात, रविवार पेठेत, 1839 च्या सुमारास लोकवर्गणीतून जुम्मा मशीद बांधली गेली. मशीद राजाने बांधायची हा काळ संपला होता. आता रुपया-आठ आण्यांनी बांधायची होती, आणि लोकांनी ती बांधली. नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस 1892 चा. इस्माइली खोजांचे इमाम तिसरे आगाखान यांनी दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून तो उभारला. गांधीजींच्या नजरकैदेमुळे आणि कस्तुरबा व महादेवभाई देसाईंच्या समाध्यांमुळे आपण तो ओळखतो. 1969 साली तो देशाला दान मिळाला. एका इमामाने बांधला ही ओळख फलकापुरतीच राहते.

शहराबाहेर सातारा रस्त्यावर खेड शिवापूरला कमर अली दरवेशाचा दर्गा आहे. तिथला सुमारे नव्वद किलोचा दगड अकरा जण मिळून, प्रत्येकी एकेक बोट लावून, दरवेशाचे नाव घेत उचलतात. पुण्यातली अर्धी शाळकरी पोरे सहलीत तो उचलून आलेली असतात. येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या अलीकडे शादलबाबांचा दर्गा आहे, त्यांच्या नावाचा चौक सगळ्यांना ठाऊक.

डेक्कन कॉलेजवरून आठवते ती कँपातली बाबाजान. या सगळ्या स्थानांत माझा जीव जिथे अडकतो ते हे.

हजरत बाबाजान ही पठाण बाई. पश्तून घरातली, गुलरुख नावाची, लग्न टाळून घरातून पळून फकिरीला लागलेली, असे सांगतात. मुलूख फिरत फिरत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पुण्यात आली. तेव्हाच ती म्हातारी होती. कधी या मशिदीशी, कधी त्या बागेत बसत ती शेवटी चारबावडीला एका कडुलिंबाच्या झाडाखाली स्थिरावली. चारबावडी तेव्हा ओसाड, धूळ आणि डासांची जागा. ऊन, पाऊस, थंडी, ती उघड्यावरच. कोणी अम्मा म्हटलेले तिला खपत नसे, म्हणून बाबाजान. लोकांनी आणलेले कपडे आणि पैसे ती दुसऱ्यालाच देऊन टाकी. पुढे गर्दी वाढली तेव्हा कँटोनमेंटने तिच्यासाठी आडोसा बांधला, तर ती त्यात जाऊन बसेना, तो लिंबाला जोडून घ्यावा लागला.

1913 साली डेक्कन कॉलेजात शिकणारा मेरवान इराणी नावाचा एकोणीस वर्षांचा पारशी-इराणी मुलगा सायकलवरून तिथून जायचा. एक दिवस तिने त्याला खुणेने बोलावले. तो तिच्यापाशी रोज रात्री येऊन बसू लागला, फारसे न बोलता. 1914 च्या जानेवारीत तिने त्याच्या कपाळाचे चुंबन घेतले आणि तो कित्येक महिने देहभान हरपून होता. पुढे जग त्याला मेहेरबाबा म्हणून ओळखू लागले, आणि आजही नगरजवळच्या मेहेराबादला जाणारे परदेशी भक्त वाट वाकडी करून पुण्यात या लिंबाखालच्या दर्ग्याशी येतात. एक मुसलमान फकीर बाई, एक इराणी मुलगा, दोघेही मराठी मुलखाच्या एका लष्करी वस्तीत. हे पुण्यात घडले, याचा मला अभिमान वाटतो.

21 सप्टेंबर 1931 रोजी बाबाजान गेली. ती बसत होती त्याच जागी तिला दफन केले. पांढऱ्या संगमरवराची लहानशी जागा, अगदी रस्त्याला लागून. जायचे तर सकाळी लवकर जावे. डोक्यावर रुमाल किंवा पदर घ्यावा, चपला बाहेर काढाव्यात, आणि वाटले तर दोन मिनिटे खाली बसावे, कोणी उठवत नाही. चारबावडी हे नाव आता जुन्या माणसांच्याच तोंडी ऐकू येते. रिक्षात बसताना ‘बाबाजान चौक’ म्हटले की पुरते.