ताप कितव्या दिवसाचा?

श्रावण सरत आला की नाशिकच्या दवाखान्यांतली बाकं भरू लागतात. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं असतं, गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर येऊन गेलेला असतो, पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला यावर रविवार कारंज्यापासून नाशिकरोडपर्यंत चर्चा झडलेली असते. पूर ओसरतो आणि आठ-पंधरा दिवसांत ताप चढतो. येणाऱ्या प्रत्येकाचं म्हणणं साधारण सारखंच: "डॉक्टर, डेंग्यू आहे का व्हायरल, एकदाच्या सगळ्या टेस्ट करून टाका." डॉक्टर मात्र आधी विचारतो, ताप कितव्या दिवसाचा?

"झाले दोन-तीन दिवस," हे ठरलेलं उत्तर. पण दोन की तीन, यावरच पुढचं बरंच काही ठरतं. पावसाळी तापात या प्रश्नाच्या उत्तराला जेवढी किंमत आहे, तेवढी लॅबमधल्या महागड्या मशीनलाही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून नुसते दिवस सांगण्यापेक्षा वार आणि वेळ सांगावी. "मंगळवारी संध्याकाळी कंपनीतून आलो आणि अंग मोडून आलं" हे वाक्य ऐकलं की डॉक्टरचं निम्मं काम होतं.

याचं कारण सरळ आहे. ताप आणणारा जंतू शरीरात एका वेळापत्रकाने फिरतो आणि शरीरही त्याला वेळापत्रकानेच उत्तर देतं. तपासणीत आपण यातली एखादी खूण शोधत असतो. ती खूण त्या दिवशी रक्तात नसेल, तर रिपोर्ट बरोबर असूनही उत्तर चुकतं.

डेंग्यूचंच बघा. एनएस१ हे विषाणूचं स्वतःचं प्रथिन. ते पहिल्या दिवसापासून रक्तात सापडू शकतं आणि पाचव्या दिवसानंतर ओसरत जातं. आयजीएम म्हणजे आपल्या शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं. ती तयार व्हायला वेळ लागतो, साधारण पाचव्या दिवसापासून ती भरवशाने दिसतात. तेव्हा दुसऱ्या दिवशी आयजीएम करणं आणि आठव्या दिवशी नुसतं एनएस१ करणं, दोन्हीकडे पैसे पाण्यात. शिवाय आयजीएम एकदा आलं की दोन-तीन महिने रक्तात रेंगाळतं, म्हणजे आज पॉझिटिव्ह आलेला रिपोर्ट गणपतीत येऊन गेलेल्या तापाचाही असू शकतो. ज्याला आधी कधीतरी डेंग्यू होऊन गेलाय, त्याच्यात एनएस१ निगेटिव्ह येण्याची शक्यता जास्त असते. आणि डेंग्यूच्या विषाणूचे प्रकार चार आहेत, त्यामुळे एकदा होऊन गेला म्हणजे सुटलो असंही नाही.

पहिल्या दिवशी धावत जाऊन केलेल्या सीबीसीचंही, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचंही तेच. तो नॉर्मल आला तर त्या दिवशी नॉर्मल होता, एवढाच त्याचा अर्थ. तिसऱ्या-चौथ्या दिवशीचा सीबीसी बोलका असतो. डेंग्यूत आधी पांढऱ्या पेशी खाली येतात, प्लेटलेट त्यांच्या मागून. रिपोर्ट हातात पडल्यावर घरचे थेट प्लेटलेटच्या ओळीवर बोट ठेवतात. डॉक्टरची नजर आधी वरच्या ओळीवर, एकूण पांढऱ्या पेशींवर जाते. त्या तीन हजारांवर आल्या असतील आणि नाक वाहत नसेल, खोकला नसेल, डोळ्यांच्या मागे ठणकत असेल, तर एनएस१ निगेटिव्ह असला तरी डेंग्यूचा विचार सोडायचा नाही.

या दिवसांच्या हिशोबाला एक अपवाद आहे, मलेरिया. तिथे वाट बघायची नसते. परोपजीवी तांबड्या पेशींत शिरून त्या फोडू लागतो तेव्हाच थंडी वाजून ताप येतो, म्हणजे ताप आहे तेव्हा तो रक्तात असतोच. फॅल्सिपेरम जातीचा मलेरिया एक-दोन दिवसांत मेंदू-मूत्रपिंडांपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे मागच्या महिनाभरात गडचिरोली, ओडिशा, छत्तीसगडकडे जाऊन आलेल्या माणसाची रक्ताची काचपट्टी पहिल्याच दिवशी झाली पाहिजे, आणि ती निगेटिव्ह आली तर पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत देशभरातून माणसं येतात, नाशिकच्या द्वारका चौकातून ट्रक सगळीकडे जातात. "गेल्या महिन्यात कुठे जाऊन आलात?" हा प्रश्न म्हणूनच चौकशीखोरपणाचा नाही. व्हायवॅक्स जातीचा मलेरिया निघाला तर वेगळीच कटकट: त्याची झोपी गेलेली रूपं यकृतात दडून राहतात आणि काही आठवड्यांनी-महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात (गरोदर बाईला त्या देत नाहीत, आणि रक्तात जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असणाऱ्यांना जपून). ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि बहुतेकांच्या गोळ्या पाचव्या दिवशी कपाटात जातात.

पुन्हा डेंग्यूकडे येऊ, कारण दिवसांचा सगळ्यात घातक घोळ तिथेच होतो. ताप तीन-चार दिवस १०३-१०४ राहतो. सगळं घर जागं असतं, मीठ-पाण्याच्या घड्या चालू असतात. मग चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो. घरातले सुटकेचा श्वास टाकतात, आई देवापुढे साखर ठेवते, आणि बाबा म्हणतात, "आता कशाला दवाखान्यात, उद्या बघू." डेंग्यूतला धोक्याचा काळ नेमका इथून सुरू होतो आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तास राहतो.

या तासांत होतं ते असं. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि माठ पाझरावा तसा रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपतो, पोटात, छातीत साठतो. तांबड्या पेशी आतच राहतात, त्यामुळे उरलेलं रक्त दाट होत जातं. सीबीसीत हिमॅटोक्रिट नावाचा एक आकडा असतो, तो हा दाटपणा दाखवतो. परवा ४० असलेला हिमॅटोक्रिट आज ४८ झाला, म्हणजे वीस टक्क्यांनी वाढला. प्लेटलेट अजून ऐंशी हजार असल्या तरी हा पेशंट दाखल व्हायला हवा.

ब्लडप्रेशरही या वेळी फसवं असतं. १००/८० हा आकडा ऐकून कुणी घाबरणार नाही, वरचं शंभर म्हणजे ठीकच की. पण दोन आकड्यांतलं अंतर बघा, फक्त वीस. नेहमी ते चाळीसच्या आसपास असतं. रक्ताचं आकारमान घटलं की शरीर वाहिन्या आवळून वरचा आकडा कसाबसा टिकवतं, खालचा मात्र वर सरकतो. नाडी जलद आणि बारीक लागते, हातपाय गार पडतात. नखावर पाच सेकंद दाबून सोडलं की पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. इथे त्याला वेळ लागतो. मशीन न लागणारी ही तपासणी आहे, दारातल्या उजेडात कुणालाही करता येते.

घरच्यांनी लक्ष ठेवायचं ते यावर: पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, लघवी कमी होणं, पेशंट गळून जाणं किंवा उगाच तगमग करणं. ताप नसताना यातलं काहीही दिसलं तर सकाळ व्हायची वाट बघू नये. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, तेही दोन डोसांत निदान सहा तासांचं अंतर ठेवून. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मेडिकलमधून "अंगदुखीची द्या" म्हणून आणलेल्या पुडीत बहुधा याच असतात.

आणि "पेशी". पावसाळ्यात नाशिकमध्ये या शब्दाचा एकच अर्थ असतो, प्लेटलेट. पेशी पन्नास हजारांवर आल्या की किवी आणायला पळापळ, पपईच्या पानांचा रस, रक्तपेढीत ओळख काढणं. पपईच्या पानांनी प्लेटलेट थोड्या लवकर वर येतात असं काही लहान अभ्यासांत दिसलंय, पण माणूस दगावतो तो पाझरण्याने, आणि त्यावर तो रस काही करत नाही. रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट चढवायची गरज नसते; चढवलेल्या प्लेटलेटही त्या रक्तात फार टिकत नाहीत. मशीनची मोजणीही कधीकधी फसते, नळीत प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या की आकडा खोटाच कमी येतो. अचानक वीस हजार आल्या आणि पेशंट तर मजेत चहा पितोय, अशा वेळी लॅबवाल्याला "काचपट्टीवर बघून सांगा" म्हणावं.

सलाईनचा आग्रह हा आणखी एक छळ. पेशंट पीत असेल तर ओआरएस, पेज, ताक, नारळपाणी यांनी भागतं. धोक्याचे दोन दिवस उलटले की बाहेर झिरपलेलं पाणी आपणहून रक्तात परत येतं. तेव्हाही नातेवाइकांच्या समाधानासाठी बाटल्या चालू ठेवल्या, तर ते पाणी फुप्फुसांत साठून दम लागतो. याच सुमाराला अंगावर लालभडक पुरळ येतं, मधेमधे पांढरे ठिपके सुटलेले, तळहातांना खाज. घरचे पुन्हा घाबरतात, डॉक्टर मात्र ते बघून निर्धास्त होतो.

पूर आणि शेत यांचेही स्वतःचे ताप आहेत. सराफ बाजार, भांडी बाजारात शिरलेल्या पाण्यातून अनवाणी फिरलेल्याला आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप आला, डोळे लाल झाले, पोटऱ्या दाबल्या की तो कळवळला, तर उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस डोक्यात यायला हवा. गोडी छाटणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजूर येतात, बांधावरच्या गवतात बसतात, झोपतात. तिथल्या सूक्ष्म माइट्सच्या अळ्या चावून स्क्रब टायफस होऊ शकतो. त्याची खूण म्हणजे न दुखणारी काळी खपली आणि भोवती लालसर कडा. ती बहुधा काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली असते, म्हणजे पेशंटला कपडे काढायला लावल्याशिवाय सापडत नाही. सापडली तर डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो.

राहिला टायफॉईड, जुन्या लोकांचा मुदतीचा ताप. याचं निदान आपल्याकडे जेवढं होतं तेवढा तो नसतो, आणि त्याचं खापर विडाल टेस्टवर फोडायला हरकत नाही. जॉर्ज विडाल या फ्रेंच डॉक्टरने ती १८९६ साली मांडली. त्या काळात ती मोठी गोष्ट होती. पण ती शोधते ती प्रतिपिंडं पहिला आठवडा संपत येतो तेव्हा कुठे दिसू लागतात, आणि आधीची लस, जुना संसर्ग किंवा दुसराच ताप यानेही टेस्ट पॉझिटिव्ह येते. समजा हजार तापाचे पेशंट आले, त्यातल्या वीस जणांना खरंच टायफॉईड आहे. टेस्टने वीसपैकी चौदा पकडले, आणि उरलेल्या ९८० मध्ये दहा टक्के खोटे पॉझिटिव्ह दिले, म्हणजे ९८. एकूण ११२ जणांच्या हातात "टायफॉईड निघाला" असा कागद, आणि त्यातले खरे फक्त चौदा. दर आठात एक. दुसऱ्या दिवशी केलेली विडाल तर याहूनही निरुपयोगी.

खरी तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखणं. पहिल्या आठवड्यात, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी. तीही साधारण निम्म्याच केसेस पकडते, उत्तराला दोन-तीन दिवस किंवा जास्त लागतात, खर्चही होतो. तरीही ती करावी, कारण जंतू कोणत्या औषधाला दाद देतो हे तीच सांगते. एके काळी हुकमी असलेलं सिप्रोफ्लॉक्सासिन आज आपल्याकडच्या टायफॉईडवर बहुतेक वेळा चालत नाही.

औषध सुरू झाल्यावर पुन्हा घाई होते. सेफ्ट्रियाक्झोनसारखं योग्य इंजेक्शन असलं तरी टायफॉईडचा ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात. सोमवारी इंजेक्शन सुरू होतं, गुरुवारी रात्रीही १०२ असतो, शुक्रवारी घरचे दवाखाना बदलतात. नवा डॉक्टर औषध बदलतो आणि रविवारी ताप उतरतो. मग त्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे अशी ख्याती अख्ख्या कॉलनीत. बघायचं असतं ते रोजच्या सगळ्यात वरच्या आकड्याकडे: १०४, १०३, १०२ असा तो खाली येत असेल आणि पेशंट वरण-भात मागत असेल, तर औषध लागू पडतंय. आठवडाभरात तो खाली आला नाही, तर कल्चरचा रिपोर्ट बघून औषधाचा फेरविचार करायचा. कोर्स पुरा झाल्यावरही दोन-तीन आठवड्यांत काही जणांचा टायफॉईड उलटतो. तेव्हा परत कणकण वाटली तर "पाऊस बदलला म्हणून असेल" असं न म्हणता जुनी फाईल आणि कल्चरचा कागद घेऊनच जावं.