बॅकअप चढवला की जुनं सगळं पुसलं जातं का?

साइट बिघडली की होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधलं ‘रिस्टोर’ हे बटण, म्हणजे जपून ठेवलेली प्रत (बॅकअप) परत चढवण्याचं बटण, मोठं आधाराचं वाटतं. ते दाबलं की घड्याळाचे काटे मागे फिरतील आणि साइट परवा होती तशी समोर उभी राहील, अशी आपली समजूत असते. खरं तर ते बटण दोन निरनिराळी कामं करतं आणि त्या दोन कामांचे स्वभाव एकमेकांच्या उलट आहेत. रिस्टोरनंतरचे बरेचसे घोटाळे इथूनच सुरू होतात.

साइटचा ऐवज दोन जागी ठेवलेला असतो. फोटो, थीम, प्लगइन आणि कोड हे सगळं फाइलींच्या रूपात, बहुतेकदा ‘पब्लिक_एचटीएमएल’ नावाच्या फोल्डरमध्ये. लेखांचा मजकूर, सदस्य, ऑर्डरी आणि सेटिंग्ज मात्र डेटाबेसमध्ये.

आधी फाइली पाहू. उतरवून घेतलेल्या बॅकअपच्या नावाच्या शेवटी बहुधा ‘टार.जीझेड’ असं दिसतं. टार म्हणजे ‘टेप अर्काइव्ह’. १९७९ साली युनिक्स या संगणक प्रणालीच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेला हा प्रोग्रॅम चुंबकीय फितीवर फाइली ओळीनं लिहून ठेवण्यासाठी होता. प्रत्येक फाइलीच्या आधी ५१२ बाइटची एक चिठ्ठी असते. तिच्यात फाइलीचं नाव, आकार आणि परवानग्या असतात, आणि चिठ्ठीमागून खुद्द फाइल येते. फिती गेल्या, मांडणी तीच राहिली. उलगडताना संगणक चिठ्ठी वाचतो, सांगितलेल्या जागी फाइल लिहितो आणि पुढच्या चिठ्ठीकडे वळतो. त्या नावाची फाइल तिथे आधीच असेल तर तिच्यावर नवी लिहिली जाते. पण जी फाइल बॅकअपमध्ये नाहीच, तिच्याबद्दल कुठल्याच चिठ्ठीत काही नसतं. ती जागच्या जागी राहते.

हे मला एका हॅक झालेल्या साइटनं शिकवलं. दोनदा बॅकअप चढवला, दोन्ही वेळा साइट लख्ख झाली आणि संध्याकाळपर्यंत औषधांच्या जाहिरातींचे दुवे पुन्हा उगवले. शेवटी फाइल मॅनेजर उघडून एकेक फोल्डर चाळायला बसलो. ‘अपलोड्स’मध्ये, जिथे फक्त फोटो असायला हवेत, तिथे एक पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, निवांत बसली होती. बॅकअप तिच्या आधीचा, त्यामुळे दोन्ही वेळा ती शाबूत राहिली. तेव्हापासून मी जुन्या फोल्डरचं नाव बदलून तो बाजूला सारतो, रिकामा नवा फोल्डर करतो आणि बॅकअप त्यात उलगडतो. हातानं फाइली हलवताना ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ ही दुवे योग्य पानाकडे वळवणाऱ्या सूचनांची फाइल विसरायची नाही. नावाच्या सुरुवातीला टिंब असल्यामुळे लपलेल्या फाइली दाखवण्याची सेटिंग चालू केल्याशिवाय ती दिसतच नाही. ती राहून गेली की मुखपृष्ठ उघडतं आणि आतल्या प्रत्येक दुव्यावर ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, येतो.

डेटाबेसचं वागणं याच्या नेमकं उलट. त्याच्या बॅकअपची एसक्यूएल फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून बघा, ती आज्ञांची यादी असते. ‘ड्रॉप टेबल इफ एक्झिस्ट्स’, म्हणजे हा तक्ता असेल तर पाडून टाक. ‘क्रिएट टेबल’, म्हणजे नवा उभा कर. मग ‘इन्सर्ट इंटू’च्या लांबच लांब ओळी. इथे आधी पाडापाडी आहे. बॅकअप सोमवारचा आणि रिस्टोर गुरुवारी केला, तर मधल्या तीन दिवसांच्या ऑर्डरी तक्त्यासकट गेल्या. त्या ऑर्डरींबरोबर आलेल्या पावत्यांच्या फाइली मात्र फोल्डरमध्ये तशाच, मालक नसलेल्या. ‘ड्रॉप’ची ओळच नसेल तर काहीही न पाडता १०५० क्रमांकाची चूक येते, तक्ता आधीच आहे म्हणून. म्हणून रिस्टोर करण्यापूर्वी बिघडलेल्या साइटचाही बॅकअप घ्यायचा. वैताग येतो, पण ते तीन दिवस पुढे फक्त त्यातच सापडतात.

मराठी मजकुराला आणखी एक धोका असतो. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. आयात करताना अक्षरसंच म्हणून युरोपीय भाषांसाठीचा ‘लॅटिन-१’ निवडला गेला तर प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर समजला जातो आणि एका ‘म’च्या जागी तीन विचित्र खुणा उमटतात. अशा वेळी लेख दुरुस्त करून सेव्ह करत बसू नये. योग्य अक्षरसंच निवडून फाइल पुन्हा आयात करावी.

हे सगळं बॅकअप खरोखर असेल तर. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्यानं चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा चालवली आणि मुख्य डेटाबेसचा सुमारे ३०० जीबी डेटा पुसला गेला. रोजचा बॅकअप शोधला तर ठेवण्याची जागा रिकामी. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा, त्यामुळे तो दर वेळी अपयशी ठरत होता. अपयशाच्या ईमेल जात होत्या, पण स्वीकारणारा सर्व्हर त्या नाकारत होता. शेवटी योगायोगानं सहा तास आधी हातानं घेतलेल्या एका प्रतीवर निभावलं.

सीपॅनेल या होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्येही एक खोच आहे. तिथल्या बॅकअपच्या पानावरून घेतलेला ‘फुल बॅकअप’ त्याच पानावरून आपल्याला चढवता येत नाही, त्यासाठी सर्व्हर सांभाळणाऱ्यांना सांगावं लागतं. होम डिरेक्टरी आणि डेटाबेस यांचे वेगवेगळे बॅकअप मात्र स्वतः चढवता येतात. मी ते दोन्ही लागोपाठ घेतो. अंतर पडलं की डेटाबेस एका फोटोचं नाव सांगतो आणि फोल्डरमध्ये तो फोटो नसतो.

आणि सगळं नीट करूनही समोर तीच मोडकी साइट दिसली, तर लगेच पुन्हा रिस्टोर दाबू नका. आधी कॅशे, म्हणजे पानांच्या साठवलेल्या तात्पुरत्या प्रती, रिकामा करा आणि खाजगी विंडोत पत्ता टाकून बघा. अनेकदा दुरुस्त झालेली साइट तिथे उघडते आणि मोडकी फक्त आपल्या ब्राउझरच्या आठवणीत असते.