टिलव्याचे पाय कोणत्या रंगाचे?

जानेवारीतली सकाळ. पुण्याजवळ कवडीपाटला मुळा-मुठेच्या काठावर आम्ही तिघं कुडकुडत उभे होतो. पलीकडच्या चिखलात चिमणीएवढे पक्षी भराभर टोचत होते. छोटा टिलवा की टेमिंकचा? खूण पायांत असते: छोट्याचे काळे, टेमिंकचे पिवळसर. आठपटीच्या दुर्बिणीतून पाय आहेत एवढंच कळत होतं. मित्राने कोरा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची जास्त पटीची दुर्बीण, ट्रायपॉडवर चढवला आणि झूम थेट ६० वर नेला. दिसला एक करडा, थरथरता ठिपका. मी झूम २५ वर आणला, फोकस हलकेच फिरवला आणि पाय दिसले. पिवळसर, एकावर घोट्यापर्यंत चिखल.

स्कोपवर २०-६०×६० असं लिहिलेलं असतं. पहिले दोन आकडे किती पट मोठं दिसेल ते सांगतात, शेवटचा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. व्यासाला पटीने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. २० पटीला ती ३ मिलिमीटर, ६० पटीला फक्त १. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते. पहाटेच्या अंधूक उजेडात ती अजून मोठी होते, पण झोत तेवढाच राहतो. म्हणून तेव्हा ६० पटीला चित्र २० पटीपेक्षा नऊपट मंद दिसतं. ८० मिलिमीटरचं भिंग ६० च्या पावणेदोनपट प्रकाश गोळा करतं, पण वजन आणि किंमतही वाढवतं. आठवड्याला एकदा पाठीवर घेऊन चालणाऱ्याला ६० किंवा ६५ चा चांगला स्कोप पुरतो, असं माझं ठाम मत आहे.

थरथर मात्र भिंगाची नव्हती. पट वाढली की ट्रायपॉडची कंपनंही तेवढ्याच पटीने वाढतात. स्कोपवर सगळे पैसे घालून हलका, डुगडुगता ट्रायपॉड घेणं ही सर्रास होणारी चूक. दुसरी थरथर हवेची. ऊन चढलं की जमिनीलगतची तापलेली हवा वर उठते, गरम-थंड थरांतून प्रकाश वेडावाकडा वाकतो आणि दूरचा पक्षी पाण्यात पडल्यासारखा लहरतो. त्यावर कितीही महागडी काच चालत नाही. सकाळी लवकर जाणं हाच उपाय.

दुकानात स्कोप दाराबाहेर रोखा आणि आकाशापुढची विजेची तार बघा. कडेला जांभळी-हिरवी किनार दिसली तर भिंग रंग नीट जुळवत नाही. ईडी काच, म्हणजे रंग कमी फाकवणारी खास काच, ही किनार कमी करते. चष्मा असेल तर तो न काढता पूर्ण वर्तुळ दिसतं का, तेही तपासा. नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) तिरकी असलेला स्कोप घ्यावा: उंच माणूस आणि लहान मूल दोघांनाही ट्रायपॉड न हलवता बघता येतं.

परदेशात शिकारी हेच स्कोप वापरतात, हरणाची शिंगं दुरून पारखायला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे स्कोप दिसतो तो बहुधा पक्षी बघणाऱ्यांच्या हातात.

भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला नावेत बसलात तर मात्र स्कोप पिशवीतच ठेवा. डोलणाऱ्या नावेत ट्रायपॉड काय करणार? तिथे गळ्यातली दुर्बीण. स्कोप लावायचा तो उजनी धरणाच्या काठावर, कुंभारगावला, ऊन चढायच्या आत.