खुलासा: ट्रेडिंग पोस्ट म्हणजे फुकटचं गोदाम नव्हे

‘गिल्ड वॉर्स २’ या ऑनलाइन खेळात बँक (वस्तू साठवायची जागा) भरली की वस्तू ट्रेडिंग पोस्टवर, म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या बाजारात, अवाच्या सवा भावाने लावा, कुणी घेणार नाही, माल फुकटात सांभाळला जाईल, असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. नव्या खेळाडूंचं यात खरंच नुकसान होतं.

माल तिथे मुदतीशिवाय पडून राहतो, इतकंच खरं. पण वस्तू लावतानाच मागितलेल्या भावाचे ५ टक्के कापले जातात आणि वस्तू मागे घेतली तरी ते परत मिळत नाहीत. १०० गोल्ड (खेळातलं चलन) भाव लावलात, की ५ गोल्ड तिथेच गेले. गिऱ्हाईक टाळायला भाव ४०० केलात, तर २० गेले!

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या दुसऱ्या ऑनलाइन खेळात वस्तू विक्रीला लावताना भरायची अनामत मागितलेल्या भावावर ठरत नाही. त्यामुळे भाव चढवून माल सांभाळायची तिथली युक्ती ‘गिल्ड वॉर्स २’मध्ये लागू पडत नाही.