हत्यारांची गुंडाळी : धोकटी, चंची आणि कॅनव्हासचा रोल

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरच्या हत्यारांच्या दुकानात पान्यांचा संच मागितला, तर तो साधारणपणे दोन रूपांत समोर येतो : एक तर पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या पेटीत, नाही तर ओळीने कप्पे शिवलेल्या आणि नाडीने किंवा बक्कलने बांधलेल्या गुंडाळीत, जिला दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही ‘टूल रोल’ म्हणतात. या दोहोंतला फरक किमतीचा किंवा टिकाऊपणाचा वाटतो, परंतु त्यामागे फार जुनी विभागणी आहे. काम जिथे कारागिराच्या दाराशी चालून येते, तिथे हत्यारे भिंतीवर, फळीवर किंवा जड पेटीत राहतात. कारागिराला जिथे कामापाशी जावे लागते, तिथे ती गुंडाळीत शिरतात. म्हणून या साध्या वस्तूचा मागोवा घेताना हत्यारांपेक्षा ती वाहून नेणाऱ्या माणसांकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

मऊ पिशवीतून हत्यारे बाळगण्याचा एक अतिप्राचीन पुरावा आल्प्स पर्वतातला आहे. इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवर १९९१ साली बर्फात सापडलेल्या, ‘ओत्झी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या कमरपट्ट्याला कातड्याची थैली शिवलेली होती, आणि तिच्यात गारगोटीची छोटी हत्यारे, हाडाची आरी आणि आग पेटवण्यासाठी लागणारी भूछत्री होती. उलट बाजूचे उदाहरण म्हणून स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९३६ साली नांगरताना लागलेली मेस्टरमिरची ओक लाकडाची पेटी घेता येईल. व्हायकिंग काळातल्या या पेटीत आणि तिच्या आसपास मिळून दोनशेहून अधिक वस्तू होत्या, आणि सुतार-लोहाराचा एवढा संसार खांद्यावर टाकून गावोगाव हिंडणे कोणालाही जमले नसते.

आपल्याकडचा सर्वांत तपशीलवार उल्लेख सुताराचा नाही, लोहाराचाही नाही, तो शस्त्रवैद्याचा आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या साधारणपणे इसवी सनाच्या ७व्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या ग्रंथात, सूत्रस्थानाच्या २६व्या अध्यायात शस्त्रांचे वर्णन येते आणि त्याच ओघात ती ठेवण्याच्या शस्त्रकोशाचेही येते. हा कोश ९ अंगुळे रुंद आणि १२ अंगुळे लांब असावा. तो क्षौम, लोकर, रेशीम, तलम दुकूल अशा वस्त्राचा किंवा मऊ कातड्याचा असावा. त्याला बांधण्यासाठी पाश असावेत, तो नीट शिवलेला असावा, आतली शस्त्रे लोकरीत एकमेकांपासून अंतर राखून बसवलेली असावीत आणि तोंड शलाकेने, म्हणजे बारीक सळईने, बंद होणारे असावे, असे हे वर्णन आहे. कोश गुंडाळण्याची क्रिया श्लोकात सांगितलेली नाही. तथापि मऊ कापड, प्रत्येक शस्त्राची वेगळी जागा आणि बांधायचे बंद हे तिन्ही घटक एकत्र आले की आजच्या टूल रोलचा आराखडा जवळजवळ पुरा होतो.

त्यातली मोजमापेही नुसती शोभेची नाहीत. याच अध्यायाच्या आरंभी शस्त्रे २६ असून ती बहुतांशी ६ अंगुळे लांबीची असावीत, असे सांगितले आहे. एक अंगुळ म्हणजे स्थूलमानाने दोन सेंटिमीटर धरले, तर ११-१२ सेंटिमीटर लांबीच्या शस्त्रासाठी १७-१८ सेंटिमीटर रुंदीचा कोश होतो. याचा अर्थ शस्त्र आडवे बसल्यावरही सुमारे एकतृतीयांश कापड उरते, आणि माझ्या मते हे उरलेले कापड शस्त्रांच्या टोकांवर दुमडून घेण्यासाठीच असावे, कारण आजचा शिंपीसुद्धा टूल रोल बेतताना वरच्या झाकपट्टीसाठी जवळपास तेवढेच कापड सोडतो. या ग्रंथावर देवगिरीच्या यादवांच्या दरबारातल्या हेमाद्रीने, म्हणजे आपल्या हेमाडपंताने टीका लिहिली, आणि पुढे मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने तो टीकांसह छापला. तेव्हा शस्त्रकोशाचे हे माप महाराष्ट्रातल्या वैद्यांच्या नजरेखालून अनेक शतके जात राहिले असणार.

वैद्याच्या कोशाचा सर्वांत जवळचा नातलग म्हणजे न्हाव्याची धोकटी. बलुतेदारीच्या व्यवस्थेत लोहाराचा भाता आणि कुंभाराचे चाक जागेवर असे, आणि गावकरी त्यांच्याकडे जात; न्हावी मात्र वाड्यावाड्यांतून आणि आळीआळीतून फिरून काम करी. त्याची सगळी सामग्री कातड्याच्या, कप्पे असलेल्या धोकटीत मावत असे : वस्तरा, कात्री, नखे काढायची नराणी, चिमटा, कंगवा, छोटा आरसा, धार लावण्याची सहाण. बंद वस्तरा आणि उघडी नराणी एकाच थैलीत सुटी टाकली, तर धार जाते आणि हातही कापतो. त्यामुळे कप्पे ही तिथे चैन नव्हती. मुंबई वाढू लागली तसे हे फिरते न्हावी शहरातल्या पदपथांवर आणि चाळींच्या जिन्यांखाली बसू लागले आणि धोकटीही त्यांच्याबरोबर आली. पुढे सलूनमध्ये खुर्ची, आरसा आणि खण असलेले टेबल आले, आणि धोकटीचे काम संपले.

शिवणीच्या दृष्टीने टूल रोलशी खरे साम्य मात्र एका अगदी घरगुती वस्तूचे आहे, ती म्हणजे चंची. पान, सुपारी, चुना, कात, तंबाखू यांसाठी एकाखाली एक खण शिवलेली कापडाची लांबट पट्टी, तिची वरून खाली गुंडाळी करायची आणि टोकाला शिवलेल्या बंदाने दोन वेढे देऊन ती कमरेला खोचायची, अशी तिची रचना असते. ती उघडली की सर्व जिन्नस एका नजरेत दिसतात, आणि काय संपले आहे हे वेगळे शोधावे लागत नाही. हाच गुण हत्यारांच्या गुंडाळीत सर्वांत मोलाचा आहे. रिकामा कप्पा ताबडतोब डोळ्यांत भरतो, आणि गिऱ्हाइकाच्या माळ्यावर विसरलेला पाना निघण्यापूर्वीच आठवतो. पिशवीत ही सोय नाही, तिथे घरी पोहोचून पिशवी पालथी केल्यावरच काय हरवले ते कळते.

गुंडाळीचे कौतुक करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. सुताराची हत्यारे तिच्यात कधीच पुरती मावली नाहीत. वाकस, रंधा, करवत आणि गुण्या यांचे आकारच असे आहेत की त्यांना कापडात वळवता येत नाही, आणि म्हणून गावोगाव जाणारा सुतारही ती पोत्यात किंवा झोळीत घालूनच नेत असे. गुंडाळीत शोभतात ती लांब, सडपातळ आणि संख्येने जास्त असलेली हत्यारे : पटाश्या, कानशी, पेचकस, पाने, सुऱ्या. कोरीवकाम करणारे कारागीर पटाश्यांच्या मुठी कप्प्यात खाली घालतात आणि पाती वर ठेवतात, कारण त्यांच्याकडे एकाच जाडीच्या पण वेगवेगळ्या गोलाईच्या कित्येक पटाश्या असतात, आणि हवी ती पात्याच्या टोकावरूनच ओळखू येते. पाते खाली घातले, तर कप्प्याच्या तळाची शिवण काही दिवसांतच उसवते.

कापडी गुंडाळीचा एकसारख्या नमुन्याने मोठ्या प्रमाणावर प्रसार झाला, तो लष्करामुळे. ब्रिटिश सैन्यात प्रत्येक शिपायाला सुई, दोरा, बटणे ठेवण्याची एक छोटी गुंडाळी मिळत असे, आणि तिच्याशिवाय सुरी, काटा, चमचा, वस्तरा, कंगवा आणि दाढीचा ब्रश अडकवण्यासाठी पट्ट्या शिवलेला, नाडीने बांधायचा ‘होल्डॉल’ही असे. हिंदुस्थानात हेच नाव पुढे रेल्वेप्रवासात अंथरूण-पांघरूण गुंडाळून नेण्याच्या जाड कापडी वळकटीला चिकटले, आणि बोरीबंदर किंवा दादरच्या फलाटावर हमालाच्या डोक्यावर ट्रंकेसोबत होल्डॉल हे दृश्य काही दशके नेहमीचे होते.

मोटारींनी तिला तिसरे रूप दिले. सुरुवातीच्या काळात रस्त्यावर मोटार बंद पडणे हा प्रवासाचाच भाग असल्याने कारखानदार गाडीसोबत पाने, पेचकस, पक्कड आणि प्लग खोलायचे हत्यार देत, आणि ते पेटीत न देता बहुधा कापडाच्या किंवा रेक्झिनच्या गुंडाळीत देत. याची कारणे उघड आहेत : पेटीतले लोखंड खड्ड्याखड्ड्याला खडखडते, गुंडाळीतले गप्प राहते, शिवाय गुंडाळी सीटखाली किंवा सुट्या चाकाच्या पोकळीत दडपता येते. जॅग्वारच्या ई-टाइपसारख्या महागड्या गाडीलाही अशी गुंडाळी मिळत असे, आणि जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये आज मूळ गुंडाळीसह असलेल्या गाडीला जास्त मान आहे. मुंबईपुरते बोलायचे, तर कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, ही काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. डिकीत सीएनजीची टाकी आल्यावर तिथे पेटीला जागा उरली नाही, आणि चार पाने फडक्यात गुंडाळून सीटखाली सारणे हाच सोयीचा मार्ग राहिला.

या शहराच्या औद्योगिक इतिहासात मात्र गुंडाळी बराच काळ मागे पडली होती, आणि त्यामागचे कारण मालकी हक्काचे होते. कावसजी दावर यांनी १८५४ साली कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि दोन वर्षांत गिरणी सुरू झाली. रेल्वेने परळला, आणि १९१५ साली माटुंग्याला मोठे कारखाने उभारले. गोदी तर त्याआधीपासून होती. अशा कारखान्यांत बरीचशी हत्यारे कामगाराची नसत, ती टूलरूमची असत. कामगार आपल्या क्रमांकाचा धातूचा बिल्ला खिडकीवर देई, तो हत्याराच्या जागी खुंटीला लागे, आणि पाळी संपताना हत्यार परत केले की बिल्ला हाती येई. खुंटीवरचा बिल्ला आणि गुंडाळीतला रिकामा कप्पा एकच गोष्ट सांगतात, फक्त पहिली मालकाला आणि दुसरी कारागिराला. दसऱ्याला किंवा खंडेनवमीला गिरणीतल्या यंत्रांना झेंडूच्या माळा लागत, पण घरी पाटावर मांडून पुजायला स्वतःची हत्यारे असणारा कामगार तुलनेने कमी असावा.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. हाताला काम येत होते, पण ते करायला यंत्र आणि टूलरूम उरली नव्हती. फिटर, वायरमन, प्लंबर अशी दारोदार जाऊन करायची कामे वाढली, आणि त्यांना स्वतःची हत्यारे लागली. आज उपनगरांतल्या नाक्यांवर सकाळी रोजंदारीची वाट पाहणारे कारागीर थापी, ओळंबा, छिन्नी, करवत समोर मांडून किंवा पिशवीतून डोकावतील अशी ठेवून उभे असतात, कारण हत्यार हीच त्यांची पाटी असते. त्यांतल्या बहुतेकांकडे शिवलेली गुंडाळी नसते. सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा तुकडा किंवा जुन्या पँटचा पाय यांवर काम भागवले जाते. गर्दीच्या लोकलमध्ये अशी चपटी, टोके झाकलेली गुंडाळी रॅकवर सरकवता येते, पत्र्याच्या पेटीला तिथे कोणी जागा देत नाही.

मुंबईच्या हवेने या गुंडाळीच्या कापडाची निवडही अवघड केली आहे. खारी हवा आणि जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस यांत सुती कॅनव्हास ओलावा धरतो, आणि तो ओलावा पोलादाला बिलगून राहतो. कातडे दिसायला देखणे असले, तरी हिरडा किंवा बाभळीच्या सालीने कमावलेल्या कातड्यात टॅनिन असते. टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की काळा डाग पडतो, आणि जुन्या काळी याच क्रियेने शाई बनवत असत. मेण चढवलेला कॅनव्हास वरचे पाणी अडवतो, पण आत ओले हत्यार ठेवले तर तेही आतच कोंडतो. नायलॉनचे कापड पाणी धरत नाही, मात्र धारदार टोकाने ते चिरले की चीर वाढत जाते. वाग्भटाने लोकर सुचवली ती सोयीची अशासाठी, की लोकरीत नैसर्गिक स्निग्धांश असतो आणि त्याच स्निग्धांशापासून आज गंजरोधक मलमे तयार केली जातात. नाक्यावरच्या मिस्त्रीचा उपाय साधा आहे : काम संपले की हत्यार पुसायचे, तेलाच्या चिंधीने एकदा फिरवायचे आणि मगच गुंडाळायचे, पावसाळ्यात रात्री गुंडाळी उघडी पसरून ठेवायची.

बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिल आणि ग्राइंडर यांनी गेल्या काही वर्षांत या कारागिरांच्या खांद्यावर जड, खिशांच्या बॅगा चढवल्या आहेत, आणि गुंडाळी त्या बॅगेतल्या एका कोपऱ्यात गेली आहे. एका पेशात मात्र ती अजून मानाने वावरते. दादरच्या १९५४ साली सुरू झालेल्या केटरिंग कॉलेजसारख्या संस्थांतून स्वयंपाकाचे शिक्षण घेणारी मुले स्वतःच्या सुऱ्या बाळगतात, कारण सुरी हाताला बसलेली असावी लागते आणि नोकरी एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात बदलली तरी ती आपल्याबरोबर जाते. त्यांच्या गुंडाळ्या पान्यांच्या रोलपेक्षा बऱ्याच रुंद असतात, कारण शेफच्या नेहमीच्या सुरीचे पातेच २० ते २५ सेंटिमीटरचे असते आणि मूठ त्याहून वेगळी. शिवाय कापड कितीही जाड घेतले तरी अशी धार ते कापून बाहेर येते, म्हणून प्रत्येक पात्यावर आधी प्लास्टिकचे म्यान चढवून मगच सुरी कप्प्यात सरकवतात.