घर सोडून निघालेले आणि घरी परत पाठवलेले

शिष्य म्हटला की आपल्याकडे गुरूच्या शोधात निघालेला माणूस डोळ्यांसमोर येतो. येशूच्या काळातल्या यहुदी समाजातही गुरूची निवड बहुधा शिष्यच करायचा. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, मात्र हाक येशूची. गालील समुद्राकाठी जाळी टाकणारे शिमोन आणि अंद्रिया, जकातनाक्यावर बसलेला लेवी. ना शिक्षण विचारलं, ना कूळ.

घरदार सोडून असं मागे जाणं वऱ्हाडाला नवं नाही. चक्रधरस्वामींना अनुसरलेल्यांच्या आठवणी तेराव्या शतकातच रिद्धपुरात लिहिल्या गेल्या. भिक्षा आणि भटकंती हाच त्यांचा आचार. येशूनेही बारा शिष्यांना पाठवताना भाकर, झोळी, पैसा काही घेऊ दिलं नाही. मार्काच्या शुभवर्तमानात निदान काठीची मुभा आहे, मत्तयाच्या तीही नाही!

शेतकऱ्याला टोचेल ते लूकच्या नवव्या अध्यायातलं. एक जण म्हणतो, घरच्यांचा निरोप घेऊन येतो. येशू म्हणतो, नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्याच्या कामाचा नाही. यामागे अलीशाची जुनी कथा असावी. संदेष्टा एलीयाने बोलावलं तेव्हा अलीशा नांगरत होता. आईबापाचा निरोप घेऊ द्या म्हणाला. एलीयाने अडवलं नाही. मग अलीशाने आपली बैलजोडी कापली आणि औताच्याच लाकडांवर मांस शिजवून लोकांना जेवू घातलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीने शेकणाऱ्याला हे वाचवत नाही. पण परतीची वाट कशी बंद केली, ते त्यालाच नीट कळतं.

आपला वधस्तंभ उचलून मागे ये, या येशूच्या हाकेचंही तसंच. रोमी शिक्षेत दोषीलाच आडवं लाकूड वाहावं लागे. मार्काचं लेखन इ.स. 70 च्या आसपासचं मानतात. त्यानंतरचा लूक तोच वधस्तंभ दररोज उचलायला सांगतो. मला वाटतं, तोवर ऐकणारे संसारी लोक झाले होते.

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले. पुढे बाप्तिस्मा घेणाऱ्या अनेकांना घर आणि जात दोन्हींना मुकावं लागलं. रेव्हरंड टिळकांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ ही येशूभक्तांची मंडळी काढली, तीत बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. त्याला आधार शुभवर्तमानांतच सापडतो. जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली, गाव सोडल्याचं कुठे लिहिलेलं नाही. आणि थडग्यांत राहणारा तो भूतग्रस्त बरा झाल्यावर सोबत येऊ द्या म्हणून विनवत होता. येशूने त्याला होडीत घेतलं नाही. घरी जाऊन आपल्या माणसांना सांग, म्हणाला. प्रवचनांत हा माणूस फारसा येत नाही. तो मात्र अख्ख्या दकापलीस या दहा नगरांच्या भागात सांगत सुटला.