उठलेली अफवा आणि पिकवलेली कंडी

मराठीत अफवा उठते, कंडी मात्र कुणीतरी पिकवतं. फरक क्रियापदातच आहे. तरी एखाद्या नटाच्या मृत्यूची खोटी बातमी येवो की पुढाऱ्याच्या नावाने बनावट काही, आपण दोन्हींना ‘फेक न्यूज’ म्हणतो आणि मोकळे होतो. मला हे धोक्याचं वाटतं, कारण दोन्ही टिकतात वेगवेगळ्या कारणांनी आणि इलाजही वेगळे आहेत.

आधी अफवा. जानेवारी 2022, संक्रांत नुकतीच झालेली. लता मंगेशकर मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात होत्या. सांगलीत गावभागात राहणाऱ्या माझ्या मावशीने घरच्या ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकलं. मंगेशकरांचं बिऱ्हाड एके काळी सांगलीत होतं, लतादीदींच्या बालपणीचा काळ इथे गेला, म्हणून मावशीच्या पिढीला त्या घरच्याच. बघता बघता खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. मी फोन करून सांगितलं, दीदी आहेत, अफवा पसरवू नका अशी त्यांच्याकडच्यांनीच विनंती केली आहे. मावशीने लगेच मेसेज काढला, देवापुढे निरांजन लावलं. पण तोवर तो तिच्या भिशीच्या ग्रुपवरून पुढे गेला होता. 6 फेब्रुवारीला दीदी खरंच गेल्या, तेव्हा भिशीतल्या एक बाई म्हणाल्या, “आम्हाला पंधरा दिवसांपूर्वीच कळलं होतं. दडवून ठेवलं होतं.”

अफवा अशी टिकते. खोटी ठरली तरी ती ‘दडवलेलं सत्य’ होऊन बसते. तिच्यामागे लबाडी असतेच असं नाही, बहुधा काळजी असते आणि ती सगळ्यात आधी बोलून दाखवायची घाई असते. मार्च 1979 मध्ये जयप्रकाश नारायण हयात असताना खुद्द पंतप्रधान मोरारजी देसाईंनी संसदेत त्यांच्या निधनाची घोषणा केली होती. जेपी गेले त्या वर्षी 8 ऑक्टोबरला. एप्रिल 2021 मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेच्या माजी अध्यक्षा सुमित्रा महाजन यांना ट्विटरवर श्रद्धांजली वाहिली, चूक कळताच ती काढून टाकली. यातून कुणाच्या पदरात काहीच पडलं नाही.

कंडीचं तसं नसतं, तिला धनी असतो. जानेवारी 2024 मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग अ‍ॅपची शिफारस करतोय आणि आपली मुलगी त्यावर पैसे कमावते असं सांगतोय, असा व्हिडिओ फिरला. बोलणं यंत्राने घडवलेलं होतं. तो बनावट असल्याचं शेवटी सचिनलाच जाहीर करावं लागलं. पुढाऱ्यांसाठी तर यंत्राचीही गरज पडत नाही. नेहरू आपल्या बहिणीला, विजयालक्ष्मी पंडितांना, मिठी मारतानाचा फोटो ‘परस्त्री’ म्हणून वर्षानुवर्षं फिरतोय. फोटो खरा, खालची ओळ खोटी.

घोटाळा होतो तो इथे, की कंडीसुद्धा आपल्यापर्यंत येते ती मावशीच्याच हातून. माणूस प्रामाणिक, म्हणून मजकूरही प्रामाणिक वाटतो. मी दोन गोष्टी बघते. अफवा दर ग्रुपवर थोडी बदलते, कुठे रुग्णालय वेगळं तर कुठे आजार. कंडी मात्र सगळीकडे अक्षरशः एकसारखी, अगदी शुद्धलेखनाच्या चुकांसकट येते. शिवाय अफवा नुसतं सांगते. कंडीला आपल्याकडून काहीतरी हवं असतं: पैसे, मत, नाहीतर कुणाबद्दलचा द्वेष.

टिकून राहायला दोघींनाही एका गोष्टीची मदत होते. एकच विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं, हे 1977 च्या एका अमेरिकन प्रयोगात दिसलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाच किंवा जास्त वेळा पुढे ढकललेल्या मेसेजला दुहेरी बाण लागतो आणि एप्रिल 2020 पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. पण मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण गायब. जुनी कंडी दरवेळी ताजी होऊन येते ती अशी.

कायदाही हेतू बघतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 353 मध्ये अफवा पसरवण्याला शिक्षा आहे, पण ती खरी मानायला वाजवी कारण असेल आणि वाईट हेतू नसताना सद्भावनेने पुढे पाठवली असेल, तर अपवादही आहे.

म्हणून अफवा पाठवणाऱ्याला मी ग्रुपवर सगळ्यांदेखत खोडत नाही, फोन करते. चारचौघांत अपमान झाला की माणूस खोट्यालाच धरून बसतो. कंडी दिसली तर स्क्रीनशॉट ठेवून तक्रार करते. त्यात कुणाचे पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायला लावते. आणि खरी गोष्ट नावानिशी सांगते, नुसतं ‘हे खोटं आहे’ म्हणून थांबत नाही. नेहरूंच्या त्या फोटोतली बाई कोण, हे मावशीला मी असंच एकदा निवांत बसून सांगितलं होतं. गेल्या नोव्हेंबरात तो फोटो आमच्या ग्रुपवर परत आला, तेव्हा खाली पहिलं उत्तर मावशीचं होतं: “अहो, ती त्यांची सख्खी बहीण आहे.”